पहिला अजगर निवडताना: आधी अटी, मग आवड

उद्दिष्टे

हे टिपण वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता याव्यात:
१. निवडीच्या प्रश्नात ‘अट’ आणि ‘निकष’ यांतील फरक सांगता येणे.
२. भारतात कोणता अजगर पाळणे गुन्हा आहे आणि कोणत्या अजगरासाठी नोंदणी लागते हे ओळखता येणे.
३. अजगराच्या पेटीसाठी लागणाऱ्या उष्णतेचा अंदाज काढता येणे.
४. नवशिक्या पालकासाठी एखादी जात आणि एखादा प्राणी योग्य आहे की नाही हे ठरवता येणे.

१. प्रस्तावना

अजगर हा शब्द संस्कृतातून आला आहे. अज म्हणजे बोकड, आणि त्याला गिळणारा तो अजगर. मराठीत आपण सुस्त पडलेल्या माणसाला ‘अजगरासारखा पडलाय’ म्हणतो. या दोन्ही गोष्टी प्राण्याविषयी बरेच सांगून जातात. अजगर विषारी नसतो. तो दबा धरून बसतो, भक्ष्य जवळ आले की पकडतो, विळखा घालून मारतो आणि अख्खे गिळतो. त्यानंतर कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, तो फारशी हालचाल करत नाही.

शांत, आवाज न करणारा, रोज खायला न मागणारा हा प्राणी पाळायला सोपा असेल असे अनेकांना वाटते. चित्रफिती पाहून पदवीच्या वयात ही इच्छा होणे नवलाचे नाही. पण ‘कोणता अजगर घेऊ?’ हा प्रश्न विचारण्याआधी आणखी काही प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत. ती मिळवण्याची पद्धत आपल्याला अभियांत्रिकीतून उसनी घेता येते.

२. अट आणि निकष

पूल बांधताना स्टील कोणते वापरायचे हे ठरवायचे आहे असे समजा. किंमत, वजन, गंज न लागणे हे झाले निकष. यात थोडे इकडे, थोडे तिकडे चालते. एकात कमी पडले तर दुसऱ्यात भरून निघते. पण ‘पुलाने ठरलेला भार पेललाच पाहिजे’ ही अट आहे. भार न पेलणारे स्टील कितीही स्वस्त असले तरी ते यादीतून बाद होते.

पाळीव प्राणी निवडताना बहुतेकांची चूक इथेच होते. सगळ्या गोष्टींना गुण देऊन बेरीज केली जाते. रंगाला दहापैकी नऊ, किमतीला आठ, कायद्याला तीन. बेरीज चांगली आली म्हणून निर्णय पक्का. कायदा, जागा, आयुष्यमान, हवामान, अन्न आणि वैद्य या अटी आहेत. त्यांतली एक जरी पूर्ण होत नसेल तर उत्तर ‘नाही’ असेच येते. सर्व अटी पार पडल्या तरच रंग, स्वभाव, किंमत या निकषांकडे वळायचे. पुढील चार भाग अटींचे आहेत, त्यानंतरचा एक निकषांचा.

३. पहिली अट: कायदा

भारतात अजगराच्या तीन जाती नैसर्गिकरीत्या आढळतात. पहिला आपला नेहमीचा भारतीय अजगर. दुसरा ईशान्य भारतात आढळणारा ब्रह्मी अजगर, ज्याला जगभर बर्मीज पायथन म्हणतात. तिसरा निकोबार बेटांवर आढळणारा जाळीदार अजगर, म्हणजे रेटिक्युलेटेड पायथन. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार या अजगरांना अनुसूची १ चे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. त्यांना पकडणे, घरी ठेवणे, विकणे हा गुन्हा आहे. शिक्षा किमान ३ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कारावास, शिवाय दंड. ‘शेतात सापडला’, ‘पिल्लू होते, दया आली’, ‘मित्राने दिला’ यांपैकी कोणतेही कारण ताबा कायदेशीर करत नाही.

मग उरतात परदेशी जाती. यांतली सर्वांत जास्त पाळली जाणारी जात म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन. तो ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे. म्हणजे त्याचा व्यापार करता येतो, पण परवान्यानेच. भारतात २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साइट्सच्या परिशिष्टांतील प्राण्यांसाठी कायद्यात नवी अनुसूची ४ आली. अशा जिवंत प्राण्याचा ताबा, हस्तांतर, जन्म आणि मृत्यू या सर्वांची माहिती देणे बंधनकारक झाले. त्यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित झाले आणि नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरून होते. त्याआधी, जून २०२० मध्ये, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने कागदपत्रांशिवाय स्वेच्छेने माहिती देण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली होती. ती मुदत केव्हाच संपली आहे. ‘नंतर जाहीर करून टाकू’ असे आजही सांगणारा विक्रेता तुम्हाला अडचणीत टाकतो आहे.

हा विषय कागदापुरता नाही. जुलै २०२३ मध्ये क्वालालंपूरहून तिरुचिरापल्ली विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४७ अजगर सापडले. असे प्राणी छिद्रे पाडलेल्या डब्यांत, पिशव्यांत कोंबून आणले जातात. बाजारात ‘इम्पोर्टेड, एकदम ओरिजिनल’ म्हणून मिळणारे स्वस्त पिल्लू अशाच वाटेने आलेले असू शकते.

म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. विचारा:
– या प्राण्याची नोंदणी कोणाच्या नावावर आहे, आणि तिचा पुरावा दाखवाल का?
– तो इथे जन्मला असेल तर आईबापांची आणि जन्माची नोंद कुठे आहे?
– आयात केला असेल तर साइट्सचा परवाना आणि आयात परवाना कुठे आहे?
– हस्तांतराची नोंद तुम्ही लेखी करून देणार का?

एकाही प्रश्नाला ‘त्याची गरज नसते’ असे उत्तर आले तर तिथेच थांबा. नियम बदलत असतात, म्हणून निर्णयापूर्वी तुमच्या राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात चौकशी करा. एक अर्ज आणि काही दिवसांची वाट ही किंमत ७ वर्षांच्या मानाने फार थोडी आहे.

४. दुसरी अट: आकार आणि आयुष्य

अजगराचे पिल्लू दोन तळहातांत मावते. विकत घेणारा पिल्लू पाहतो. त्याने पूर्ण वाढ झालेला प्राणी डोळ्यांपुढे आणायला हवा. मुख्य जातींचा आढावा घेऊ.

बॉल पायथन: मादी साधारण १.२ ते १.५ मीटर, नर त्याहून लहान. वजन दीड-दोन किलोच्या आसपास. घाबरला की डोके मधे घेऊन शरीराचा घट्ट चेंडू करतो, म्हणून हे नाव. इंग्लंडमध्ये त्यालाच रॉयल पायथन म्हणतात.

चिल्ड्रन्स पायथन: ऑस्ट्रेलियातला, साधारण एक मीटरचा. नावावरून तो मुलांसाठी आहे असा समज होतो, पण ते नाव जॉन जॉर्ज चिल्ड्रन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञावरून पडले आहे. ऑस्ट्रेलिया आपल्या वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात करू देत नाही.

कार्पेट पायथन: ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी भागातला, दोन मीटर किंवा अधिक. चपळ असतो आणि चढायला जागा मागतो. थोडा अनुभव असलेल्यांसाठी ठीक.

हिरवा झाडावरचा अजगर: दिसायला सर्वांत देखणा. पण हाताळणे त्याला सोसत नाही आणि आर्द्रतेत चूक खपत नाही. पहिल्या प्राण्यासाठी नको.

ब्रह्मी आणि जाळीदार अजगर: पहिला ३ ते ५ मीटर, दुसरा ६ मीटरच्याही पुढे जाऊ शकतो. एवढ्या ताकदीच्या प्राण्याला एकट्या माणसाने हाताळू नये असा जगभरचा नियम आहे. भारतात तर दोन्ही संरक्षित आहेत, त्यामुळे प्रश्नच मिटला.

मोठी जात निवडण्याचा परिणाम किती दूर जाऊ शकतो हे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात दिसते. पाळीव म्हणून आणलेले ब्रह्मी अजगर तिथे सुटले किंवा लोकांनी सोडून दिले, आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांची पैदास झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या रॅकून या प्राण्याच्या दर्शनात ९९ टक्क्यांहून अधिक घट नोंदली गेली. त्याच वर्षी अमेरिकेने ब्रह्मी अजगराच्या आयातीवर बंदी घातली. ज्यांनी हे पिल्लू हौसेने घेतले त्यांच्यापैकी कोणाचाही उद्देश दलदल रिकामी करण्याचा नव्हता. त्यांनी प्रौढ प्राण्याची जागा मोजली नव्हती, इतकेच.

आता आयुष्य. बॉल पायथन नीट सांभाळला तर २० ते ३० वर्षे सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात किमान ६२ वर्षांच्या एका मादीने २०२० मध्ये सात अंडी घातली, तेव्हा ही बातमी जगभर गेली. तुम्ही आज २० वर्षांचे आहात असे धरा. हा प्राणी तुमची पदवी, पहिली नोकरी, दोन-तीन शहरे, लग्न आणि कदाचित मुलांची शाळाही पाहील. वसतिगृहात ठेवायला परवानगी नाही, भाड्याच्या घरात घरमालकाचा प्रश्न, आणि परदेशी शिक्षणाला निघालात तर तो बरोबर नेणे जवळजवळ अशक्य. पुढची पाच वर्षे तुम्ही कुठे राहणार हे ठाऊक नसेल तर ही अट आज पूर्ण होत नाही. ती काही वर्षांनी पूर्ण होईल, आणि अजगर तेव्हाही मिळेल.

५. तिसरी अट: पेटी आणि हवामान

सापाला स्वतःच्या शरीरात उष्णता फारशी निर्माण करता येत नाही. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून स्नायू थरथरवते आणि अंडी उबवते, हा काही जातींतला लक्षणीय अपवाद. एरवी तो उबदार जागेतून थंड जागेत आणि परत असा सरकत राहून तापमान राखतो. म्हणून पेटीत एकच तापमान असून भागत नाही. एक टोक उबदार आणि दुसरे थंड हवे, म्हणजे निवड सापाला करता येते.

बॉल पायथनसाठी उबदार टोक ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड टोक २५ ते २७ अंश, आणि आर्द्रता साधारण ५५ ते ७० टक्के. दोन्ही टोकांना लपायला एकेक घट्ट जागा. रानात तो दिवसाचा बराच वेळ उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात घालवतो, त्यामुळे उघड्यावर तो अस्वस्थ राहतो आणि खाणे सोडतो. प्रौढ प्राण्यासाठी १२० × ६० × ६० सेंमी ही पेटी धरू.

किती वॅटचा हीटर लागेल? पेटीचे पृष्ठफळ:

२ × (१.२×०.६ + १.२×०.६ + ०.६×०.६) = ३.६ चौरस मीटर

प्लायवूडच्या भिंती आणि समोरची काच मिळून उष्णता निसटण्याचा सरासरी दर दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला ३ वॅट धरा. पेटीचे सरासरी तापमान २८ अंश हवे आणि खोली २० अंशांवर आहे, तर:

३ × ३.६ × ८ = सुमारे ८६ वॅट

दिल्लीत किंवा लखनौला जानेवारीच्या रात्री खोली १२ अंशांवर आली तर फरक १६ अंशांचा होतो आणि गरज दुप्पट, म्हणजे सुमारे १७३ वॅट. झरोक्यातून जाणारी उष्णता वेगळी. सरासरी ८६ वॅट चोवीस तास धरले तरी महिन्याला साधारण ६२ युनिट वीज होते. हा खर्च तीस वर्षांचा आहे.

आता नागपूरचा मे महिना घ्या. खोली ३८ अंशांवर आहे. थर्मोस्टॅट हीटर बंद करेल, पण त्यापुढे त्याच्या हातात काही नाही. फक्त गरम करू शकणारी यंत्रणा पेटीला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. आपल्या देशातल्या बऱ्याच भागांत अजगर पाळण्याची खरी अडचण थंडी नसून उन्हाळा आहे, आणि परदेशी मार्गदर्शक पुस्तकांत ती सहसा सापडत नाही. तुमच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी तापमान ३२ अंशांखाली राखता येते का, आणि वीज गेली तर किती तास राहते, हे आधी मोजा.

आर्द्रतेचेही गणित करून पाहा. १२ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा पेटीत येऊन ३० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे २० टक्क्यांवर घसरते, कारण गरम हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे तिप्पट होते. अशा कोरड्या हवेत कात अखंड न निघता तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवर किंवा शेपटीच्या टोकाशी अडकून राहते. उत्तरेच्या हिवाळ्यात नारळाच्या भुशाचा ओलसर थर आणि मोठे पाण्याचे भांडे लागते. कोकणात किंवा केरळात पावसाळ्यात प्रश्न उलटा असतो: थर सतत ओला राहिला तर पोटाच्या खवल्यांना संसर्ग होतो, म्हणून तिथे झरोके वाढवावे लागतात.

नियंत्रण यंत्रणेत तीन गोष्टी सांभाळा. एक, थर्मोस्टॅटशिवाय कोणताही हीटर लावू नका. पोटाखालच्या घातक उष्णतेपासून साप वेळेत बाजूला होईलच असे नाही. पाळीव सापांतल्या भाजण्याच्या जखमा बहुधा अशाच होतात. दोन, संवेदक साप जिथे टेकतो तिथल्या तापमानावर बसवा आणि घट्ट बांधा. तो निसटून थंड कोपऱ्यात पडला तर यंत्रणेला वाटेल की पेटी थंड आहे, आणि हीटर चालूच राहील. तीन, म्हणूनच वरच्या मर्यादेला वीज तोडणारा दुसरा, स्वतंत्र थर्मोस्टॅट हवा. एक भाग बिघडला तरी प्राणी वाचला पाहिजे, हे तत्त्व तुम्ही बॉयलरच्या संदर्भात शिकलेलेच आहात.

पेटी तयार झाल्यावर तिच्यात लगेच प्राणी आणू नका. दोन आठवडे ती रिकामी चालवा, दोन्ही टोकांचे तापमान आणि आर्द्रता तासातासाला नोंदवा. आलेख पाहून स्वतःला विचारा: या पंधरवड्यात इथे साप असता तर तो सुखरूप राहिला असता का?

६. चौथी अट: अन्न, वैद्य आणि घरची माणसे

अजगर अख्खे प्राणी खातो. पनीर, अंडे, कोंबडीचे तुकडे यांवर तो जगत नाही. लहान पिल्लाला साधारण आठवड्याने त्याच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के, तर प्रौढाला तीन-चार आठवड्यांनी पाच टक्क्यांच्या आसपास वजनाचा उंदीर लागतो. दीड किलोच्या अजगरासाठी तो ७५ ग्रॅमचा उंदीर झाला. हे भक्ष्य गोठवलेले, खायला देण्याआधी पूर्ण वितळवून कोमट केलेले असावे. जिवंत उंदीर आत सोडला तर उंदराचे हाल होतातच, शिवाय तो सापाला चावून गंभीर जखमा करू शकतो. घरात किंवा गोदामात पकडलेला उंदीर कधीच देऊ नका. त्याच्या पोटात उंदीर मारण्याचे औषध असू शकते, आणि ते सापालाही मारते.

तुमच्या शहरात गोठवलेले, खाण्यासाठीच वाढवलेले उंदीर नियमित आणि कायदेशीर मार्गाने मिळतात का? ते घरच्या फ्रीजमध्ये, भाजी-दुधाशेजारी ठेवायला आईवडील, घरमालक किंवा सोबती तयार आहेत का? शाकाहारी घरात हा प्रश्न सापाच्या भीतीपेक्षा मोठा ठरतो. तो आधी, बसून, स्पष्ट बोला.

वैद्याचेही तसेच. गाई-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर सर्वत्र आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे मोजक्या शहरांत आहेत. अजगराला फुप्फुसाचा संसर्ग झाला तर इंटरनेटवरचा सल्ला पुरत नाही. असा डॉक्टर प्रवासाच्या टप्प्यात आहे का, हे प्राणी आणण्यापूर्वी फोन करून खात्री करा.

शेवटी घरातल्यांचे आरोग्य. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. सापाला किंवा पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुणे, पेटीचे सामान स्वयंपाकघराच्या मोरीत न धुणे, आणि पाच वर्षांखालील मुले, वृद्ध व आजारी माणसे यांना दूर ठेवणे हे नियम पाळावे लागतात.

७. आता निकष: जात आणि प्राणी

वरच्या चारही अटी पूर्ण झाल्या असतील तर पुढची निवड सोपी आहे. नवशिक्यासाठी कायदेशीर नोंदणी असलेला, बंदिस्त पैदाशीतला बॉल पायथन हे सर्वसाधारणपणे योग्य उत्तर ठरते. आकार आटोक्यात, स्वभाव शांत, चावण्याऐवजी चेंडू करून लपण्याकडे कल. त्याचा एक अवगुण मात्र माहीत असू द्या: तो अधूनमधून खाणे बंद करतो, कधी काही महिनेही. अशा वेळी घाबरून रोज नवे भक्ष्य पुढे करू नका. आधी तापमान आणि लपण्याच्या जागा तपासा, आणि दर आठवड्याला वजन करा. वजन टिकून असेल तर थांबा. दहा टक्क्यांहून अधिक घटले तर डॉक्टर.

रंगांबद्दल एक सूचना. या जातीत निवड-पैदाशीने असंख्य रंगप्रकार तयार केले आहेत आणि किंमत त्यांवरच ठरते. त्यांतल्या ‘स्पायडर’ नावाच्या प्रकारात आतल्या कानाच्या रचनेतील दोषामुळे डोके डुलते, तोल जातो. काही प्राण्यांना भक्ष्य नीट पकडताही येत नाही. देखणी नक्षी आणि हा दोष एकत्रच येतात. असा प्राणी विकत घेऊ नका, कारण तुमच्या मागणीवरच पुढची पैदास होते. नवशिक्याला साधा तपकिरी-काळा बॉल पायथन पुरेसा सुंदर आहे.

प्रत्यक्ष प्राणी पाहताना ही यादी जवळ ठेवा:
– डोळे स्वच्छ, जुन्या कातेचा थर नसलेले. कात टाकण्याच्या काळात डोळे निळसर होतात, तेव्हा तपासणी पुढे ढकला.
– नाकातोंडाशी फेस किंवा बुडबुडे नाहीत. तोंड उघडे ठेवून श्वास घेत नाही.
– अंग भरलेले, पाठीचा कणा वर आलेला नाही.
– डोळ्यांभोवती, हनुवटीखाली आणि पाण्याच्या भांड्यात काळे बारीक ठिपके नाहीत. हे ठिपके म्हणजे रक्त शोषणारे माइट.
– हातात घेतल्यावर हळू, एकसंध हालचाल. जीभ बाहेर येते.
– किमान पाच-सहा जेवणांची तारीखवार नोंद, आणि तुमच्यासमोर एकदा खाणे.

प्राणी घरी आला की पहिला आठवडाभर हात लावू नका. जेवणानंतर किमान ४८ तास हाताळणे टाळा. त्या काळात त्याचे शरीर पचनाच्या कामाला जुंपलेले असते आणि त्रास झाला तर तो अन्न उलटून टाकतो. घरात आधीच दुसरा साप असेल तर नव्याला काही महिने वेगळ्या खोलीत ठेवा.

८. अटी पूर्ण होत नसतील तर

बहुतेक पदवीच्या विद्यार्थ्यांचे उत्तर आज ‘नाही’ असे येईल. ते उत्तर निराशेचे नाही. अजगराची ओढ पूर्ण करायला त्याला पेटीत ठेवावेच लागते असे नाही.

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात बिळांतून बाहेर येऊन ऊन खाणारे भारतीय अजगर दुरून पाहता येतात. पुण्यात कात्रजला आणि चेन्नईत गिंडीला सर्पोद्याने आहेत. चेन्नईजवळ रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेले मद्रास क्रोकोडाइल बँक सरपटणाऱ्या प्राण्यांवर काम करते. गावात अजगर निघाला तर गर्दी पांगवणे, अंतर राखणे आणि वनविभागाला कळवणे हे कामही एका अजगराचा जीव वाचवते. त्याला पोत्यात घालून फोटो काढणे हे त्यात बसत नाही.

आणि पाचव्या भागातली पेटी तुम्ही प्राण्याविनाही बांधू शकता. दोन संवेदक, एक मायक्रोकंट्रोलर, एक हीटर आणि वर्षभराच्या नोंदी: हा अंतिम वर्षासाठी उत्तम प्रकल्प आहे. तुमच्या शहराच्या हवेत ही पेटी बारा महिने मर्यादेत राहिली, तर पुढे केव्हातरी तिच्यात राहायला येणाऱ्या प्राण्याची निम्मी काळजी तुम्ही आधीच घेतलेली असेल.

९. सारांश

– अट मोडली तर पर्याय बाद. निकषांत तडजोड चालते.
– भारतीय, ब्रह्मी आणि जाळीदार अजगर पाळणे भारतात गुन्हा आहे. साइट्समधील परदेशी जातींना नोंदणी लागते.
– पिल्लाकडे न पाहता प्रौढ प्राण्याचा आकार आणि २० ते ३० वर्षांचे आयुष्य मोजा.
– हीटर पेटीला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. भारतात उन्हाळ्याची सोय आधी पाहा.
– सर्व अटी पूर्ण झाल्यास नोंदणीकृत, बंदिस्त पैदाशीतला बॉल पायथन. न झाल्यास थांबणे.

१०. स्वाध्याय

१. बंगळूरमधील एका खोलीचे तापमान २२ अंश आहे. ९० × ४५ × ४५ सेंमीच्या पेटीचे सरासरी तापमान २८ अंश राखायला किती वॅट लागतील? दर वरीलप्रमाणे ३ धरा.
२. संवेदक निसटल्यास कोणत्या क्रमाने काय घडेल ते प्रवाहचित्राने दाखवा आणि दोन उपाय सुचवा.
३. तुमच्या स्वतःच्या परिस्थितीसाठी या टिपणातील चारही अटी ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’ अशा लिहा. अपूर्ण अट कोणत्या वर्षी पूर्ण होऊ शकेल याचा अंदाज कारणासह द्या.
४. एक विक्रेता कागदपत्रांशिवाय निम्म्या किमतीत बॉल पायथन देतो आहे. गुणांची बेरीज करणारी पद्धत आणि अटींची पद्धत यांची उत्तरे वेगळी का येतील, ते स्पष्ट करा.